रेडिओवरील सकाळचे शास्त्रीय संगीत : खानदेशातील श्रोत्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सकाळी रेडिओवर शास्त्रीय संगीत ऐकायचे असेल तर नेमके काय लावावे?

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील श्रोत्यांसाठी पहिला पर्याय आकाशवाणीच्या जवळच्या केंद्राची सकाळची सभा, म्हणजे सकाळचे प्रक्षेपण, हाच आहे. सभेच्या सुरुवातीला मंगलध्वनी आणि भक्तिसंगीत असते, मग बातम्या आणि शेतीविषयक माहिती येते, आणि शास्त्रीय गायन-वादनाला त्यानंतर जागा मिळते. नेमकी वेळ केंद्रागणिक आणि वाराप्रमाणे बदलते, म्हणून सभेच्या सुरुवातीला निवेदक दिवसभराच्या कार्यक्रमांची जी रूपरेषा सांगतात ती ऐकण्याची सवय लावून घ्यावी. ती दोन-तीन मिनिटे पुष्कळ जण बंब पेटवण्यात किंवा चहा ठेवण्यात घालवतात आणि नंतर कार्यक्रम हुकला म्हणून हळहळतात.

दुसरा पर्याय विविधभारतीचा. तिथला 'संगीत सरिता' हा छोटा कार्यक्रम दीर्घकाळ सकाळी साडेसातच्या सुमारास लागत आला आहे. एखादा राग, त्याचे चलन, त्यातली बंदिश आणि त्यावर बेतलेले चित्रपटगीत अशी त्याची मांडणी असते. नवख्या श्रोत्याने इथूनच सुरुवात करावी, असे मी नि:संकोचपणे सांगेन. तिसरा पर्याय 'आकाशवाणी रागम्' ही चोवीस तास शास्त्रीय संगीत देणारी वाहिनी. ती २६ जानेवारी २०१६ रोजी सुरू झाली असून आकाशवाणीच्या मोबाइल अॅपवर आणि डीटीएचवर ऐकता येते. तिच्यावर हिंदुस्थानी आणि कर्नाटक अशा दोन्ही पद्धतींचे संगीत असते.

सकाळचीच वेळ का? तेच ध्वनिमुद्रण रात्री ऐकले तर काय बिघडते?

ऐकायला कोणाचीही हरकत नाही, आणि त्याने काही बिघडतही नाही. मात्र हिंदुस्थानी संगीतात रागांच्या वेळा ठरलेल्या आहेत आणि आकाशवाणीने सुरुवातीपासून त्या पाळल्या आहेत. सकाळच्या सभेत मारवा किंवा दरबारी लागत नाही, आणि रात्रीच्या सभेत तोडी लागत नाही. श्रोत्याने काहीही न निवडता त्या वेळेचा राग त्याच्यापर्यंत येतो, हे रेडिओचे वैशिष्ट्य आहे. मोबाइलवर आपण आवडीचे तेच ते ऐकत राहतो. भटियार किंवा गुणक्री हे राग स्वतःहून शोधून ऐकणारा श्रोता विरळा, परंतु रेडिओमुळे ते अनेकांच्या कानांवरून गेलेले असतात, मग नाव ठाऊक असो वा नसो.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. सकाळचे राग मैफलीत आज जवळजवळ ऐकायलाच मिळत नाहीत. मैफली संध्याकाळी साडेसहा-सातला सुरू होतात आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरता येत नसल्यामुळे त्या सहसा दहाच्या आत आटोपाव्या लागतात. पूर्वीच्या रात्रभर चालणाऱ्या मैफली पहाटेपर्यंत लांबत, आणि उत्तररात्री ललत किंवा रामकली आणि उजाडताना भैरव असा क्रम आपोआप साधला जाई. आता यमन, पूरिया, बागेश्री, मालकंस यांच्याभोवती कार्यक्रम फिरतो आणि शेवटी भैरवी येते. (भैरवी हा मुळात सकाळचा राग, परंतु मैफलीची सांगता तिनेच करण्याच्या रूढीमुळे ती कोणत्याही वेळी चालते. नियम किती ताणता येतो याचे हे बोलके उदाहरण आहे.) दिवाळी पहाटेचे कार्यक्रम खानदेशातही होतात, हे खरे, पण त्यांत भक्तिगीते आणि नाट्यगीते यांचा वाटा मोठा असतो, आणि दिवाळी वर्षातून एकदाच येते. जळगावात भरणारा बालगंधर्व संगीत महोत्सव हा खानदेशातल्या रसिकांसाठी मोठा आधार आहे, तरी तोही बहुतांशी संध्याकाळचाच. त्यामुळे तोडी, आसावरी, देसकार, बिलावल यांचे प्रकार हे राग सामान्य श्रोत्याला नियमितपणे, त्यांच्या वेळेला आणि विनामूल्य ऐकायला मिळण्याची जागा आज प्रामुख्याने रेडिओ हीच आहे.

रागांच्या या वेळा कोणी आणि कशाच्या आधारे ठरवल्या?

परंपरा जुनी आहे, पण आज आपण ज्या स्वरूपात तिच्याविषयी बोलतो त्या स्वरूपात तिची मांडणी पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी केली. ढोबळमानाने ती अशी आहे. पहाटे चार ते सात आणि संध्याकाळी चार ते सात हा संधिप्रकाशाचा काळ. या वेळी कोमल ऋषभ आणि शुद्ध गंधार असलेले राग येतात. (सा, रे, ग, म, प, ध, नी यांनाच षड्ज, ऋषभ, गंधार, मध्यम, पंचम, धैवत, निषाद म्हणतात. कोमल म्हणजे उतरलेला, तीव्र म्हणजे चढलेला आणि शुद्ध म्हणजे मूळ जागेवरचा स्वर.) सात ते दहा या वेळात शुद्ध ऋषभ, शुद्ध गंधार आणि शुद्ध धैवत असलेले राग, म्हणजे सकाळी बिलावलचे प्रकार आणि रात्री यमनसारखे राग येतात. दहानंतर चार वाजेपर्यंत कोमल गंधाराचे राग येतात. संधिप्रकाश रागांत मध्यमावरून पहाट की सांज हे ओळखता येते: भैरवासारख्या पहाटेच्या रागात शुद्ध मध्यमाचे प्राबल्य असते, तर पूर्वी, मारवा यांसारख्या सांजेच्या रागांत तीव्र मध्यम पुढे येतो.

या चौकटीला अपवाद आहेत. तोडीत तीव्र मध्यम आहे आणि तरी तो सकाळचाच राग आहे. पावसाळ्यात मल्हाराचे प्रकार केव्हाही गायले जातात. कर्नाटक पद्धतीत वेळेचे बंधन एवढे काटेकोरपणे पाळले जात नाही. कोमल ऋषभ ऐकल्याने पहाट झाल्यासारखे वाटते हा स्वराचा गुण आहे की वर्षानुवर्षांच्या सवयीचा परिणाम, यावर वाद घालता येईल. माझा कल सवयीकडे आहे, परंतु सवयीचा परिणाम म्हणजे खोटा परिणाम असे मात्र मी मानत नाही.

खानदेशातील श्रोत्याने इथे आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरलेली आहे आणि जळगाव ७५.५ अंशांच्या आसपास आहे. त्यामुळे आपल्याकडे सूर्य घड्याळाच्या मानाने सुमारे अर्धा तास मागे असतो. मे महिन्याच्या अखेरीस जळगावात पावणेसहाच्या सुमारास सूर्योदय होतो, तर जानेवारीत तो सातच्या सुमारास होतो. कोलकात्यात सूर्य आपल्यापेक्षा पाऊण तासाहून अधिक आधी उगवतो. रेडिओचे वेळापत्रक मात्र घड्याळाप्रमाणे चालते. म्हणून जानेवारीत साडेसहाला लागलेला भैरव रावेर-यावलच्या केळीच्या बागांत अंधूक उजेडात, अगदी शास्त्राला धरून पोहोचतो, आणि तोच भैरव मे महिन्यात त्याच वेळी लागला तर अंगणात ऊन आलेले असते. थंडीचे दिवस हे सकाळच्या रागांसाठी खानदेशातले सर्वांत चांगले दिवस आहेत, असे मला वाटते ते या कारणाने.

सकाळचे राग ओळखायचे कसे? आम्ही गाणे शिकलेलो नाही.

शिकलेले नसले तरी चालते, परंतु षड्ज मनात पक्का धरता आला पाहिजे. तंबोरा सुरू झाला की पहिल्या अर्ध्या मिनिटात फक्त 'सा' गुणगुणावा आणि मग प्रत्येक स्वर त्याच्यापासून किती दूर आहे याकडे कान ठेवावा. खाली दिलेल्या खुणा पुरेशा नाहीत, पण सुरुवात म्हणून उपयोगी पडतात.

भैरवात ऋषभ आणि धैवत कोमल असतात आणि दोन्ही आंदोलित असतात, म्हणजे एका जागी स्थिर न राहता हलके झुलतात. ही आंदोलने एकदा कानात बसली की भैरव इतर कशासारखाही वाटत नाही. अहीर भैरवात पूर्वांग, म्हणजे सप्तकाचा खालचा अर्धा भाग, भैरवाचे, पण वर धैवत शुद्ध आणि निषाद कोमल होतो. त्यामुळे गंभीर सुरुवात करून राग वरच्या भागात मोकळा होतो. नट भैरवात याच्या उलट, ऋषभ शुद्ध आणि धैवत कोमल असतो. रामकली ऐकताना भैरवच चालला आहे असे वाटत असते आणि मध्येच तीव्र मध्यम व कोमल निषाद यांचा ओझरता स्पर्श येतो. तो टिपता आला तर कान तयार होऊ लागला आहे असे समजावे. बैरागीत पाचच स्वर आहेत, गंधार आणि धैवत नाहीत, आणि हा राग पंडित रविशंकर यांच्यामुळे विशेष प्रचारात आला.

ललत ओळखणे सोपे आहे, कारण त्यात पंचमच नाही आणि शुद्ध व तीव्र असे दोन्ही मध्यम एकामागोमाग एक लागतात. पंचमाचा आधार काढून घेतल्याने सगळा राग अधांतरी राहिल्यासारखा भासतो. सहसा तंबोऱ्याची पहिली तार पंचमात असते, ललतसाठी ती मध्यमात मिळवली जाते. रेडिओवर नुसता तंबोरा ऐकूनही अंदाज बांधता येतो.

ऊन चढू लागले की तोडी येतो. ऋषभ, गंधार, धैवत कोमल आणि मध्यम तीव्र, पंचमाचा वापर बेताचा. तोडीतला गंधार नेहमीच्या कोमल गंधारापेक्षाही उतरता लागतो आणि तोच ऐकायचा असतो. बिलासखानी तोडीला तोडी म्हणत असले तरी त्याचे स्वर भैरवीचे आहेत. तीव्र मध्यम नाही आणि निषादही कोमल आहे. स्वर तेच असून तो भैरवी का वाटत नाही, हे शब्दांत सांगण्याचा प्रयत्न करण्यापेक्षा दोन-चार वेळा ऐकणे श्रेयस्कर. आसावरी आणि जौनपुरी हे त्याच सुमाराचे राग. खानदेशात नऊ-दहाच्या उन्हात, सभा संपता संपता, जौनपुरीच्या तराण्याने मजा येते.

सकाळी 'भूप' लागला होता असे वाटले. आकाशवाणी नियम मोडते का?

बहुधा तो देसकार असावा. सा, रे, ग, प, ध असे दोघांचे स्वर अगदी एकच आहेत. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य, स्वर गंधार आहे आणि तो खालच्या अर्ध्या सप्तकात रमतो. देसकारचा वादी धैवत आहे आणि त्याचा सगळा जोर पंचम, धैवत, तार षड्ज या वरच्या भागात असतो. गायक पुन्हा पुन्हा कुठे थांबतो ते पाहावे. गंधारावर थांबला तर भूप, धैवतावर थांबून वर गेला तर देसकार. भूप ही रात्रीच्या पहिल्या प्रहराची गोष्ट आहे.

आमच्याकडे फार खरखर येते. दोष केंद्राचा की आमच्या सेटचा?

बहुतेक वेळा दोघांचाही नसतो, घरातल्या आणि शेतातल्या विजेचा असतो. मध्यम लहरींवर (मीडियम वेव्हवर) ध्वनी लहरीच्या उंचीतील बदलांतून वाहून नेला जातो आणि विजेच्या ठिणगीने नेमकी तीच उंची विस्कटते. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर, भुसावळसारख्या गावी रेल्वेच्या विजेच्या तारा, ही सगळी खरखरीची उगमस्थाने आहेत. थ्री फेजचा पुरवठा सकाळच्या पाळीत असेल त्या आठवड्यात शेतातल्या घरी खरखर वाढते आणि पाळी रात्रीची झाली की कमी होते, याचे कारण तेच. सेट विजेवरून काढून सेलवर चालवावा, भिंतीपासून दूर ठेवावा आणि घरातले चार्जर एकेक करून काढून पाहावेत. दोषी चार्जर सापडल्याशिवाय राहत नाही.

यानंतर सेट फिरवून पाहावा. मध्यम लहरींसाठी सेटच्या आत काळ्या फेराइटची आडवी दांडी असते. बाहेर ओढायची चकचकीत अॅन्टेना एफएमसाठी असते, ती कितीही लांब केली तरी मध्यम लहरींना सहसा उपयोग होत नाही. फेराइटची दांडी केंद्राच्या दिशेला काटकोनात असताना आवाज सर्वांत चांगला येतो आणि तिचे टोक केंद्राकडे वळले की पडतो. चोपड्याच्या माणसाने सेट जसा ठेवला तसाच चाळीसगावच्या माणसाने ठेवून चालणार नाही, कारण जळगाव एकाच्या आग्नेयेकडे तर दुसऱ्याच्या ईशान्येकडे पडते.

मध्यम लहरी जमिनीच्या पृष्ठभागावरून पसरतात आणि जमीन जितकी ओलसर व विजेला सुवाहक, तितक्या त्या दूर जातात. तापी आणि गिरणेच्या काठची काळी कपाशीची जमीन या दृष्टीने अनुकूल आहे, उन्हाळ्यात तापलेला खडकाळ माळ तितका अनुकूल नाही. सातपुड्यातील धडगाव, तोरणमाळ या भागांत एफएम डोंगराआड अडते, कारण एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मध्यम लहरी डोंगराला वळसा घालू शकतात. अलीकडे देशभरातील अनेक मध्यम लहरी प्रक्षेपके बंद करून कार्यक्रम एफएमवर नेण्यात येत आहेत. शहरातल्या श्रोत्याला त्यात फायदाच आहे, पण खोऱ्यातल्या पाड्यावरच्या श्रोत्याचा विचार केला तर हा बदल सरसकट चांगला म्हणता येत नाही. आपल्या भागात सध्या नेमके कोणते प्रक्षेपण चालू आहे याची चौकशी केल्याशिवाय नवा सेट घेऊ नये.

पहाटे इंदूर किंवा त्याहून दूरचे केंद्र स्वच्छ लागते आणि ऊन पडताच जाते. असे का?

वातावरणाच्या वरच्या भागात, आयनोस्फिअरमध्ये, विद्युतभारित कणांचे थर आहेत. त्यांपैकी सर्वांत खालचा, 'डी' नावाचा थर सूर्यप्रकाशात तयार होतो आणि मध्यम लहरी शोषून घेतो. रात्री तो नाहीसा होतो, लहरी त्याच्यावरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटरवर उतरतात. पहाटेच्या संधिप्रकाशात हा बदल अर्ध्या-पाऊण तासात घडतो. म्हणजे भातखंड्यांनी ज्याला संधिप्रकाश काळ म्हटले, नेमक्या त्याच काळात रेडिओच्या लहरींचेही स्थित्यंतर होत असते. हा निव्वळ योगायोग आहे, पण मला तो फार आवडतो.

रेडिओवर तंबोरा बोथट का वाटतो?

मध्यम लहरींवर दोन शेजारच्या केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्झचे अंतर ठेवलेले असते आणि साधा सेट त्यामुळे सुमारे साडेचार किलोहर्ट्झच्या वरचे स्वरांश जवळपास गाळून टाकतो. तंबोऱ्याची जवारी, सतारीच्या तरफा आणि तबल्याच्या चाटेचा टणत्कार यांतली झळाळी याच वरच्या भागात असते. एफएमवर पंधरा किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी येतो, त्यामुळे फरक लगेच कळतो. मानवी आवाजाचा गाभा मात्र खालच्या पट्ट्यात असल्यामुळे गायन मध्यम लहरींवरही तगून राहते. सरोद किंवा संतूर ऐकायचे तर एफएम किंवा अॅप निवडावे, ख्याल ऐकायला जुना सेट पुरतो.

अर्ध्या तासात राग मांडून होतो का?

मैफलीच्या अर्थाने नाही, पण रेडिओच्या अर्थाने होतो, आणि रेडिओचा हा अर्थ कलाकारांनी परिश्रमपूर्वक घडवलेला आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला सुमारे तीन-साडेतीन मिनिटेच मिळत. त्या मानाने रेडिओचा अर्धा तास ही चैन होती, तर मैफलीच्या मानाने ती कोंडी होती. आलाप थोडक्यात, विलंबित, म्हणजे संथ, एकतालात किंवा तिलवाडा तालात बडा ख्याल अठरा-वीस मिनिटे, त्यानंतर द्रुत तीनतालात छोटी बंदिश आणि तानांनी समाप्ती, असा घाट त्यातून रूढ झाला. घड्याळ समोर असल्याने पसरटपणाला वाव राहत नाही. मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०–१९९२) यांच्यासारखे, पहिल्याच आवर्तनात रागाला हात घालणारे गायक या घाटात विशेष खुलतात. आमीर खाँ (१९१२–१९७४) यांच्यासारख्या सावकाश बढत करणाऱ्या गायकाला मात्र अर्धा तास अपुरा पडतो, आणि त्यांचा ललत ऐकणाऱ्याला कार्यक्रम मध्येच तोडल्यासारखे वाटते. दीर्घ ऐकण्याची सोय म्हणून आकाशवाणीने २० जुलै १९५२ पासून संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, परंतु तो रात्रीचा. सकाळी तेवढा मोठा अवकाश क्वचितच मिळतो, आणि ही माझी या वेळापत्रकाविषयीची मुख्य तक्रार आहे.

जुन्या ध्वनिमुद्रणांत गायकाच्या साथीला पेटी का नसते, सारंगीच का असते?

कारण १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. बारा ठरावीक पट्ट्यांच्या या वाद्यात मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे, निघत नाही, आणि भैरवाचा आंदोलित ऋषभ किंवा तोडीचा उतरता गंधार तिच्यावर मिळत नाही, असा मुख्य आक्षेप होता. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळणाऱ्या जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकाराने त्याचा जोरदार पाठपुरावा केला होता, आणि रवींद्रनाथ ठाकूर यांचाही या वाद्याला विरोध होता. स्वातंत्र्यानंतर बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी मंत्री असताना बंदी कायम राहिली. ती १९७१ मध्ये प्रथम सैल करण्यात आली.

आक्षेप तत्त्वतः बरोबर होता आणि सकाळच्या रागांच्या बाबतीत तर विशेषच, कारण त्यांचा जीव श्रुतींमध्ये, म्हणजे स्वरांच्या सूक्ष्म भेदांमध्ये, असतो. परंतु महाराष्ट्रातली नाट्यसंगीताची आणि कीर्तनाची सगळी परंपरा पेटीवर वाढलेली आहे, आणि खानदेशातल्या गावोगावच्या भजनी मंडळांतही पेटी असतेच. बंदीमुळे उत्तम पेटीवादकांच्या पिढ्या रेडिओपासून दूर राहिल्या. दुसरीकडे सारंगीला मात्र त्या काळात आधार मिळाला, आणि केंद्रांवरच्या नोकऱ्यांमुळे अनेक सारंगीवादकांची घरे चालली. आज सकाळच्या सभेत जुन्या संग्रहातले गायन लागले आणि मागे सारंगी आली, तर तिच्याकडे स्वतंत्रपणे लक्ष द्यावे. गायकाचा श्वास संपतो तिथे ती ओळ पुढे नेते.

सभेच्या सुरुवातीला वाजणारी आकाशवाणीची ओळखधून कोणी केली?

वॉल्टर कॉफमन या मध्य युरोपातून आलेल्या ज्यू संगीतकाराने, १९३६ च्या सुमारास. नाझी छळाच्या काळात तो मुंबईत आला आणि पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर संगीत विभागात होता. तंबोऱ्याच्या पार्श्वभूमीवर वाजणारी ही धून शिवरंजनी रागावर आधारलेली मानली जाते. शिवरंजनी हा रात्रीचा राग आहे. वेळा एवढ्या काटेकोरपणे पाळणाऱ्या आकाशवाणीची प्रत्येक पहाट रात्रीच्या रागाने सुरू होत आली आहे, आणि त्याबद्दल कोणी हरकत घेतल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

निवेदनात 'ए श्रेणी', 'टॉप' असे शब्द कानी येतात. त्यांचा अर्थ काय?

आकाशवाणी कलाकारांची स्वरचाचणी घेऊन त्यांना 'बी', 'बी हाय', 'ए' आणि 'टॉप' अशा श्रेणी देते. चाचणीचे ध्वनिमुद्रण परीक्षक कलाकाराचे नाव न कळता ऐकतात, हा या पद्धतीचा सर्वांत चांगला भाग. केसकरांच्या कार्यकाळात ही पद्धत कडक झाली तेव्हा नामवंत कलाकार दुखावले गेले होते, कारण आयुष्यभर गायल्यानंतर परीक्षा कसली, असा त्यांचा प्रश्न होता. छोट्या गावांच्या दृष्टीने मात्र तिचा उपयोग झाला. अमळनेर किंवा शहाद्याच्या कलाकाराला पुण्या-मुंबईत कोणाची ओळख नसली तरी चाचणीच्या बळावर केंद्रावर गाता येते. स्थानिक कलाकारांचे कार्यक्रम पुष्कळदा सकाळच्या सभेतच लागतात. ते नावाजलेले नसतात म्हणून सेट बंद करू नये.

अॅपवर ऐकणे आणि सेटवर ऐकणे यांत फरक आहे का?

ध्वनीच्या दृष्टीने अॅप पुष्कळदा सरस ठरते आणि डेटाही फारसा लागत नाही. अॅपवरचा आवाज प्रत्यक्ष प्रक्षेपणापेक्षा काही सेकंद ते अर्धा-एक मिनिट मागे असतो, म्हणून त्यावरून घड्याळ लावू नये. वीज गेली, मोबाइलचा मनोरा बंद पडला, तर सेलवरचा सेटच कामाला येतो.

मुले अभ्यास करत असताना लावावे का?

पाठांतर चालू असेल तर नको. चित्रकला, हस्ताक्षर, वह्यांना कव्हरे घालणे अशी कामे असतील तर जरूर लावावे. ऐकण्याची सक्ती करू नये आणि मध्ये मध्ये माहिती देऊन भंडावून सोडू नये.

शेतात किंवा स्वयंपाकघरात काम करता करता ऐकले तर ते खरे ऐकणे ठरते का?

खानदेशात सकाळ ही कामाचीच वेळ आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या ओव्या जात्यावर आणि शेतात काम करता करताच जन्मल्या, त्यामुळे हातात काम असताना कान रिकामे असतात, हे या भागाला वेगळे समजावून सांगायला नको. अडचण वेगळीच आहे. विलंबित ख्यालाचे पहिले काही मिनिट हातातले काम थांबवून ऐकावे लागते, कारण षड्ज, राग आणि समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, जागा तेव्हा पक्की होते. तेवढे झाले की भाकरी थापताना किंवा कांद्याच्या वाफ्याला पाणी देतानाही सम चुकत नाही. द्रुत बंदिशीला तर चालता चालता ऐकण्यात काही बाध येत नाही.

राग ऐकला, आवडला, पण नाव निसटले. आता कसे शोधावे?

कार्यक्रम संपल्यावर निवेदक कलाकाराचे नाव, राग आणि साथीदार पुन्हा सांगतात, म्हणून शेवटची टाळी किंवा शेवटची तिहाई झाली की लगेच सेट बंद करू नये. तेही हुकले तर ऐकल्याची तारीख, वेळ, केंद्र, गायक की वादक, पुरुष की स्त्री, आणि बंदिशीचे कानी पडलेले दोन-चार शब्द लिहून ठेवावेत. शब्द अर्धवट असले तरी चालतील, कारण बंदिशीचा मुखडा हा राग शोधण्याचा सर्वांत भरवशाचा धागा आहे. गाण्याच्या शिक्षकांना तो गुणगुणून दाखवला तर त्यांना पुष्कळदा तत्काळ कळते. वादन असेल तर शब्द मिळत नाहीत, म्हणून मोबाइलमध्ये अर्ध्या मिनिटाचा तुकडा स्वतःपुरता टिपून ठेवणे बरे. तुकडा टिपताना रागाची सुरुवात गाठावी, झाल्याचा, म्हणजे वादनाच्या अखेरच्या वेगवान भागाचा, शेवट नव्हे. झाल्यात गती एवढी असते की रागाची ओळख पटवणाऱ्या जागा शिक्षकांनाही हाती लागत नाहीत.